दामिनी अ‍ॅप : ट्रेक लीडरच्या नजरेतून

सह्याद्रीत माणसं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘दामिनी’ असलंच पाहिजे. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने, आपण जिला आयआयटीएम म्हणतो तिने, आसपास वीज कुठे झाली हे दाखवणारं हे अ‍ॅप बनवलंय आणि ते फुकट आहे. मी नाशिकहून ट्रेक नेते. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसाचा ऑक्टोबर या काळात ते उघडल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. विजेचा मोठा धोका या महिन्यांत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धो धो पाऊस असतो, पण गडगडाट त्यामानाने कमी. नवीन लोकांना हे सांगितलं की पटत नाही, कारण त्यांच्या मनात पाऊस आणि वीज एकत्रच बसलेले असतात.

वीज झाली की रेडिओ लहरी निघतात. देशभर बसवलेले सेन्सर त्या टिपतात, आणि कोणत्या सेन्सरला लहर किती आधी-नंतर पोचली यावरून जागा निघते. स्क्रीनवर तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात आणि गेल्या काही मिनिटांत विजा कुठे झाल्या त्याचे ठिपके. काय करावं, काय टाळावं याच्या सूचना आणि प्रथमोपचारही आहेत. ते पान घरीच वाचून ठेवा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो आणि श्वास थांबला असेल तर सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रथमोपचार) द्यायचा, ही एक गोष्ट ग्रुपमधल्या सगळ्यांना ठाऊक असली तरी पुष्कळ झालं.

आता लीडरच्या कामाचं. ठिपका दिसतो तो होऊन गेलेल्या विजेचा. तुमच्या डोक्यावर वाढणाऱ्या ढगातून पहिलीच वीज तुमच्याच कड्यावर उतरली, तर तिच्या आधी नकाशावर काय दिसणार? काहीच नाही. म्हणून रिकामी स्क्रीन म्हणजे ‘जा वर’ असा अर्थ मी कधीच घेत नाही. शिवाय अ‍ॅपला नेट लागतं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात कितीतरी वाटांवर, दऱ्या-खिंडींत ते मिळत नाही. तिथे रेंज असताना आलेली जुनी स्क्रीन तशीच समोर राहते, तिच्यावर विसंबणं तर फारच वाईट.

ऑक्टोबरमध्ये साल्हेरला एका ऑफिसचा ग्रुप होता. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. वर गंगासागर तलावाचं उघडं पठार आणि त्याच्यावर परशुराम मंदिराचं टोक, म्हणजे वीज आली तर आसपास सगळ्यात उंच तुम्हीच. आम्ही पायथ्याच्या वाघांब्याहून चढत होतो. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत पोचलो तेव्हा मांगी-तुंगीच्या बाजूला ढग उभे वाढताना दिसले. कडा अजून फुलकोबीसारख्या टणक होत्या आणि बघता बघता उंची वाढत होती. माथा असा फुगत जाऊन पुढे सपाट पसरायला लागला की ढग तयार झाला समजायचं. गावातले दादा सकाळीच म्हणाले होते, “ताई, आज दुपारचं वर थांबू नका.” खिंडीत रेंज होती. ग्रुपमधल्या बहुतेकांनी दामिनी उघडलं आणि एकाच्याही वर्तुळात ठिपका नव्हता.

“मॅडम, अ‍ॅप तर क्लिअर दाखवतंय. अर्ध्या तासात वर जाऊन येऊ.”

मी नाही म्हटलं आणि सगळ्यांना खाली वळवलं. त्या दिवशी साल्हेरवर वीज पडली नाही. वाघांब्यात चहा घेताना सोसाट्याचा वारा आला, थोडा पाऊस झाला, बास. परतीच्या गाडीत दोघे नाराज होते. माथा झाला असता, असं त्यांचं म्हणणं, आणि झालाही असता कदाचित. पण खिंडीत उभं असताना मला जे दिसत होतं त्यावर तो निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन. पुढे काय घडलं यावरून आधीचा निर्णय मोजायला लागलं तर पुढच्या वेळी लीडर ढगाकडे बघायचं सोडून लोकांच्या चेहऱ्यांकडे बघतो. मी हे होताना पाहिलंय, फार धोक्याचं आहे ते.

म्हणून आता आदल्या रात्रीच सांगून टाकते: अकरापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर माथा नाही, आणि ढगावरून मी परत फिरा म्हटलं तर मतदान नाही. अ‍ॅप सगळ्यांनी उघडावं, ठिपका दिसला तर ओरडून सांगावं. दामिनीने मला परत फिरवायचं, वर न्यायचं नाही. ठिपका २० च्या वर्तुळात आला की माझं मत काहीही असो, आम्ही उतरतो.

मला या अ‍ॅपचा सगळ्यात मोठा उपयोग घरी झाला. वळवाच्या दिवसांत गच्चीवर जायचं, कुठला ढग आता वाजेल हे आधी मनाशी ठरवायचं आणि मग स्क्रीन बघायची. चमक आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर निघतात, तेही ठिपक्याशी ताडून बघता येतं. असा एक हंगाम काढला की नजर तयार होते. नवीन लीडर घडवणाऱ्या संस्थांनी हा सराव जरूर करून घ्यावा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नेट गेलं तरी शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच राहतं म्हणून. ते किती मिनिटांपूर्वीचं आहे हे नेट गेल्यावर मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे.