ह्युमिडिफायर घेतला, झटके गेले, मनगटं मात्र धरली

मागच्या जानेवारीत आलमारीच्या कडीला हात लावला आणि दुसऱ्या हातातला चहाचा कप फरशीवर गेला. स्थिर विजेचा तो झटका काही मोठा नव्हता. हिवाळ्यात नागपुरात सगळ्यांनाच बसतो तसा, 'टक्' करून. पण मला नऊ वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. या आजारात रक्ताचे रिपोर्ट, एक्सरे सगळं नॉर्मल येतं आणि अंगाला मात्र कधी कधी साडीची निरीसुद्धा टोचते. दुसऱ्याच्या बोटाच्या टोकावर संपणारा झटका माझ्या कोपरापर्यंत जातो, खांदे पुढे तासभर आखडतात. त्याहून वाईट म्हणजे पुढचा झटका कुठे बसेल या धाकानं अंग चोरून वावरणं. नळ, फ्रीज, कुलूप, गाडीचं दार... आमचं साडेतीन वर्षांचं पोट्टं मला 'करंटवाली आजी' म्हणतं आणि मुद्दाम येऊन बोट लावून पळतं. त्याला गंमत वाटते.

एका डॉक्टरांनी "मनावर घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं होतं. आता ज्यांचं औषध चालू आहे त्यांनी निदान त्वचा कोरडी आहे हे पाहिलं आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावरच क्रीम लावायला सांगितलं. त्यानं थोडा फरक पडला.

बाकीचे उपाय सगळ्यांना माहीत असतात. सुती कपडे घाला, घरात अनवाणी चाला, सिंथेटिक ब्लँकेट काढा. पण थंड फरशीवर अनवाणी चालले की माझे तळवे दोन दिवस ठणकतात, म्हणून मऊ रबरी चप्पल लागते, आणि तीच चप्पल अंगावरचा चार्ज जमिनीत जाऊ देत नाही. कापसाची दुलई झटके देत नाही, पण तिचा भार माझ्या खांद्यांना सोसत नाही. हलकं असतं ते नेमकं पॉलिस्टरचं. पांघरूण अंगावरून ओढलं की अंधारात निळ्या ठिणग्या दिसतात. पाहायला सुंदर आहे हो, खोटं कशाला बोलू. झटक्याचा प्रत्येक इलाज दुखण्याशी असा भांडतो. म्हणून शरीराकडून काहीच न मागणारा इलाज शोधत होते, तो म्हणजे खोलीतली हवाच बदलणं.

त्याआधी 250 रुपयांचा अँटी-स्टॅटिक बँड घेऊन पाहिला, बिनतारेचा. पैसे पाण्यात. मोबाइल दुरुस्तीवाले मनगटाला बांधतात त्या पट्ट्याला तार असते, ती अर्थिंगला जोडलेली असते. तारच नसेल तर चार्ज जाणार कुठे? हे घेण्याआधी सुचायला हवं होतं.

मग 2,900 रुपयांचा अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर मागवला, म्हणजे पाण्याला कंपनं देऊन त्याचे बारीक तुषार हवेत सोडणारं यंत्र. चार लिटरची टाकी, थंड वाफ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच ठोकळा वेगवेगळ्या दहा नावांनी विकला जातो. सोबत एक छोटं आर्द्रता-मीटर घेतलं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त कामाचं निघालं. पहिल्या दिवशी दुपारी त्यानं 29 टक्के दाखवले. हवेत ओल असली की वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि चार्ज साठायच्या आत वाहून जातो. कोरड्या हवेत तो अंगावर साठत राहतो. सुमारे 3,000 व्होल्टच्या खालचा झटका माणसाला कळतही नाही म्हणतात, म्हणजे माझी आलमारी काय देत असेल विचार करा. (क्षणभरच आणि अगदी थोडा प्रवाह असतो म्हणून माणूस मरत नाही, दचकतो फक्त.)

दार लावून मशीन तासभर चालवलं की मीटर 42-45 वर येतो. 40 च्या वर गेल्यावर बेडरूममध्ये झटका जवळजवळ बसतच नाही. पहिल्या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात एकही नाही. दुखणं बरं झालं असं अजिबात नाही. मानेचा, कमरेचा त्रास आहे तसाच आहे. फक्त रात्री दिव्याच्या बटणाकडे हात नेताना श्वास रोखून धरत नाही. मात्र 60 च्या वर नेऊ नका, भिंतीला बुरशी धरते.

आता तक्रारी. टाकी खालून भरायची आहे. म्हणजे ती उचला, उलटी करा, झाकण पिळून उघडा, भरा, पिळून घट्ट करा, परत सुलटी करा. चार लिटर म्हणजे चार किलो! ज्यानं हे बनवलं त्याची मनगटं कधी दुखली नसावीत. मी अर्धीच भरते, मग पहाटे तीनला पाणी संपतं आणि मशीन बीप करतं. झोप आधीच कच्ची, त्यात हे. निळा दिवाही बंद होत नाही, त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली.

बोअरचं पाणी घातलं तर ड्रेसिंग टेबलावर पांढरी भुकटी बसते, कारण हे यंत्र क्षारांसकट पाणी उडवतं. आरओचं पाणी घातल्यापासून ती खूप कमी झाली. रोज पाणी बदलावं लागतं, आठवड्याला व्हिनेगरनं धुवावं लागतं. ते काम आमच्या ह्यांच्याकडे दिलंय, कुरकुरत करतात.

आणि हे फक्त एका खोलीचं औषध आहे. हॉलमध्ये, बाहेर अजूनही किल्लीच चालवते. किल्ली मुठीत घट्ट धरायची आणि तिचं टोक आधी कडीला टेकवायचं. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाच्या टोकाला चटका लागत नाही.

आमच्याकडे सगळ्यात वाईट काळ डिसेंबरचा नाही, फेब्रुवारी-मार्चचा. हवा कोरडीठाक झालेली असते आणि कूलर अजून माळ्यावरच असतो. होळीनंतर तो उतरला, वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की घरभर ओल येते आणि झटके आपोआप थांबतात. तेव्हा नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या माणसाला हे मशीन वर्षाला फार तर तीन-चार महिनेच लागेल. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा मी मीटरचा धरलाय.

परवा कूलर उतरवला आणि मशीन वाळवून खोक्यात घातलं. पुढच्या हिवाळ्याआधी वरून पाणी ओतता येईल असं मॉडेल घेणार आहे. हे बहिणीला देईन, तिची मनगटं शाबूत आहेत.