ह्यूस्टनचं धालीवाल पोस्ट: एका निवृत्त टपालवाल्याचा अभिप्राय

बत्तीस वर्षं ठाण्यात पोस्टाच्या काउंटरवर काढली. त्यामुळे लेकीकडे ह्यूस्टनला आलो तरी पोस्ट दिसलं की पाय आपोआप आत वळतात. ॲडिक्स हॉवेल रोडवरच्या ३१५ नंबरच्या पोस्टात मात्र मुद्दाम गेलो. त्याला डेप्युटी संदीपसिंग धालीवाल यांचं नाव दिलंय.

धालीवाल हॅरिस काउंटीच्या शेरीफ खात्यातले, म्हणजे इथल्या जिल्हा पोलिसांतले अधिकारी. पगडी आणि दाढी राखून गणवेश घालायची परवानगी त्या खात्यात पहिल्यांदा त्यांना मिळाली, २०१५ मध्ये. २७ सप्टेंबर २०१९ रोजी रस्त्यात एक गाडी थांबवून चौकशी केली, आपल्या गाडीकडे परत निघाले आणि मागून कुणीतरी गोळी घातली. वय ४२.

आता गंमत बघा. पोस्टाला नाव द्यायला इथे खात्याचं परिपत्रक चालत नाही, थेट संसदेत विधेयक लागतं. लिझी फ्लेचर या खासदारबाईंनी ते मांडलं, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एका पोस्टासाठी एवढी वरात! जावई म्हणाले, "बाबा, असे कायदे इथे डझनाने होतात." होत असतील. आपल्याकडे नामांतर म्हटलं की आधी पोलीस बंदोबस्त आठवतो.

सेवेबद्दल तक्रार नाही. परदेशी टपालाचं तिकीट इथे चक्क गोल असतं. ते घेऊन ठाण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला पोस्टकार्ड लिहिलं. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, शिक्का हाताने मारा. त्यांनी हसून मारला, आणि काय मारला! कडा सबंध, तारीख स्वच्छ, शाई कुठे फुटलेली नाही. आमच्याकडे नवीन पोराला असा ठसा जमायला सहा महिने लागायचे.

पण मी ज्यासाठी गेलो होतो ते नाव काही शिक्क्यात नव्हतं. कायद्याने नाव मिळतं ते इमारतीला; आत त्याची पाटी लागते. शिक्का, पत्ता, झिप कोड सगळं पूर्वीचंच. आम्हा टपालवाल्यांच्या लेखी शिक्क्यात असेल तेच पोस्टाचं नाव, म्हणून जरा हिरमुसलो.

मग कार्ड परत मागून घेतलं आणि तारखेशेजारी स्वतःच लिहिलं, 'धालीवाल पोस्ट, ह्यूस्टन.' बाईंनी वाकून ती देवनागरी अक्षरं पाहिली आणि कार्ड ट्रेमध्ये टाकलं.