ई-एससीआर : एका न्यायमूर्तीची कारकीर्द निकालांतून वाचायची असेल तर

सर्वोच्च न्यायालयाची ही निकालशोध सेवा जानेवारी 2023 पासून सर्वांना मोफत आहे. अधिकृत एससीआर (सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स) खंडांतले 1950 पासूनचे निकाल इथे मिळतात.

नुसतं ‘चंद्रचूड’ टाकलंत तर वडील यशवंत आणि मुलगा धनंजय, या दोन्ही माजी सरन्यायाधीशांचे निकाल एकत्र येणार. यशवंत चंद्रचूड हवे असतील तर 1972 ते 1985, धनंजय चंद्रचूड यांच्यासाठी 2016 ते 2024 ही मर्यादा आधी घाला. नंतर 1976 चा एडीएम जबलपूर खटला उघडा. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा तो निकाल: चार विरुद्ध एक. बहुमतात वडील, भिन्नमत एकट्या हंसराज खन्नांचं. मग खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणारा 2017 चा पुट्टस्वामी निकाल. त्यात मुलाने लिहिलेल्या निकालपत्राने जबलपूर मोडीत काढला. हे दोन्ही लागोपाठ वाचण्यासारखी दुसरी मेजवानी नाही!

नेहमीची चूक एकच. पीठावर नाव आहे म्हणून निकाल त्यांनीच लिहिला असं धरलं जातं. निकालपत्र कोणी दिलं, ते मजकुराच्या सुरुवातीला पाहा. वरचा गोषवारा संपादकांचा असतो, न्यायमूर्तींचा नव्हे. त्यातली वाक्यं त्यांच्या नावावर खपवू नका.

मोठी उणीव म्हणजे उच्च न्यायालयाची वर्षं इथे नाहीत. यशवंत चंद्रचूड 1961 पासून मुंबई उच्च न्यायालयात होते. तिथल्या निकालांसाठी जुने विधी-अहवाल, म्हणजे निकालांचे छापील खंड, चाळावे लागतात.