गाड्या वाहायला ट्रकचा हौदा: लोखंडी की ॲल्युमिनियमचा?
ट्रॅक्टर, मोटारी वाहायला १४ बाय ६ फुटांचा हौदा बांधायचा, तर ४ मिमी लोखंडी पत्र्याचा तळच २४५ किलोंच्या आसपास भरतो. तेवढाच ताठपणा मिळावा म्हणून ॲल्युमिनियम ६ मिमीचं घेतलं, तरी सव्वाशे किलोच. वाचलेलं वजन मालाच्या कामी येतं.

तरीही मराठवाड्यात माझा कौल लोखंडालाच. लोखंडाच्या रोलिंग मिल, म्हणजे लोखंड लाटून आकार देणारे कारखाने, जालन्यातच आहेत. सांधा तडकला तर रस्त्यावरचा वेल्डरही साध्या वेल्डिंगने जोडून देतो. ॲल्युमिनियमला आर्गॉन गॅस आणि तसा कसबी कारागीर लागतो. ते ट्रकच्या लोखंडी चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, थेट टेकवलं तर ओलीत झिजतं, मध्ये रबराची पट्टी हवीच.

लोखंडाला पावसाळ्याआधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारा. ट्रेलरचा हुक मात्र तळाला नको, चॅसीलाच बसवा.