जुने डॉस गेम, आजचा पीसी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप साधाच आहे: अंगभूत ग्राफिक्सचा रायझन 5 मिनी पीसी, फ्रीसिंकवाला (चित्राच्या वेगाप्रमाणे स्वतःचा वेग जुळवणारा) 144 हर्ट्झचा मॉनिटर आणि डॉसबॉक्स स्टेजिंग, म्हणजे आजच्या पीसीवर जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. जुना गेम यावर नुसता चालत नाही, तर सायबर कॅफेच्या काळात कधी दिसला-ऐकला नव्हता तसा भेटतो.

सगळ्यात मोठं सुख आवाजाचं. 1993 चा डूम आपल्याकडे बहुतेकांनी साउंड ब्लास्टर या साउंड कार्डवर किंवा त्याच्या स्वस्त नकलेवर ऐकला, म्हणजे वाद्यांचा आवाज स्वतः घडवणाऱ्या एफएम चिपचा पातळ सूर. बॉबी प्रिन्सचं ते संगीत मुळात मिडीत आहे, म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे तर कोणतं वाद्य कोणता सूर वाजवेल याच्या सूचना. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये मिडी डिव्हाइस म्हणून फ्लुइडसिंथ (मिडी वाजवणारं सॉफ्टवेअर) निवडा, चांगल्या साउंडफाँटचा, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या फाइलचा, पत्ता द्या, मग गेमचं सेटअप चालवून म्युझिकसाठी जनरल मिडी आणि पोर्ट 330 ठेवा. ही शेवटची पायरी राहिली तर गेम एफएमवरच वाजत राहतो आणि साउंडफाँट बदलून काही फरक पडत नाही असं वाटतं. पहिल्याच लेव्हलचं गिटार आणि ड्रम वेगवेगळे ऐकू आले की समजायचं, जमलं!

क्वेकचं दुखणं वेगळं. त्याचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे आणि सीडीची प्रत आयएसओ फाइल म्हणून काढली तर तिच्यात ते ट्रॅक येतच नाहीत. बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडीच काढा आणि डॉसबॉक्सच्या imgmount कमांडने क्यू फाइल जोडा. पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत कपाटातल्या सीडींना बुरशी धरते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं.

दुसरं सुख डोळ्यांचं. 320×200 चा व्हीजीए मोड 70 हर्ट्झवर चालायचा. 60 हर्ट्झच्या पडद्यावर आडवं सरकणारं चित्र म्हणूनच बारीक हिसके देतं. फ्रीसिंकवर तेच लोण्यासारखं सरकतं. मात्र ॲस्पेक्ट करेक्शन चालू हवं, कारण हे चित्र 4:3 पडद्यासाठी काढलेलं असायचं. ते बंद असेल तर माणसं बुटकी दिसतात. सेकंड हँड 17 इंची चौकोनी मॉनिटर स्वस्तात मिळाला तरी 1280×1024 म्हणजे 5:4 हे ध्यानात ठेवा. त्यात 1280×960 चं चित्र घ्या आणि वर-खाली काळी पट्टी राहू द्या.

वेगासाठी सरसकट 'मॅक्स' सायकल्स (डॉसबॉक्समधल्या नकली प्रोसेसरच्या वेगाचं माप) देऊ नयेत. 486 प्रोसेसरच्या काळातल्या गेमला 25,000 च्या आसपास पुरतात. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले काही गेम, उदाहरणार्थ जॅझ जॅकरॅबिट, फार वेगवान प्रोसेसर दिसला की 'रनटाइम एरर 200' देऊन सुरूच होत नाहीत. सायकल्स उतरवल्या की चालतात.

एक उणीव खरी आहे. स्टेजिंगमध्ये सेव्ह स्टेट, म्हणजे कुठल्याही क्षणी खेळ जसाच्या तसा साठवण्याची सोय, नाही; डॉसबॉक्स-एक्स या दुसऱ्या आवृत्तीत आहे. वळवाच्या दिवसांत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे पीसी आणि मॉनिटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा आणि गेममधलं सेव्ह दाबत राहा.