१८९५ च्या ब्लाऊजचा पॅटर्न: ८ महिने, ३ ब्लाऊज

फेब्रुवारीत हा कागदी पॅटर्न घेतला, आता ऑक्टोबर. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रारी आहेत. मी इंग्लंडमध्ये राहते, इथल्या कॉस्च्युमवाल्या मैत्रिणींबरोबर व्हिक्टोरियन कपडे शिवते, त्यातला हा वरून फुगा आणि कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट अशा बाहीचा ब्लाऊज. या बाह्या १८९५ च्या आसपास सगळ्यात मोठ्या होत्या आणि दोनेक वर्षांत पार बसल्या, म्हणजे फुगा चुकला की सालच चुकतं.

पहिला राग मायेचा, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायच्या जादा कापडाचा. पुढच्या-मागच्या तुकड्यांना १ सेंमी माया धरलेली आणि बाहीला शून्य, आणि हे कुठेही धड लिहिलेलं नाही! नशीब आधी मांजरपाटावर कापलं.

आता बाही. सूचनेत आतल्या कडक कापडाबद्दल एकच ओळ, मी ती सोडून दिली, आणि पहिल्या ब्लाऊजचा फुगा दुपारपर्यंत गार पुरीसारखा खाली बसला. दुसऱ्यात आतून अंगाबरोबर बसणारं सुती अस्तर, त्यावर वरच्या अर्ध्या भागात ऑर्गंडी (पातळ पण कडक सुती कापड), मग बाहेरचं कापड चुण्या घालून, तेव्हा कुठे दिवसभर उभा राहिला. पण तिसऱ्या धुण्यात ऑर्गंडीची खळ गेली आणि परत तेच. म्हणून आता ऑर्गंडी कच्च्या टाक्यांनी लावते, धुवायच्या आधी काढून ठेवते, १० मिनिटांचं काम आहे.

कापड मात्र भारी सापडलं. तेव्हाच्या उन्हाळी ब्लाऊजसाठी पातळ सुती लॉन वापरायचे, इथे ते महाग, तर आईने पुण्याहून येताना आपलं टू बाय टू रुबिया आणलं, पांढरं, आणि एवढं छान पडतं ना! ४ मीटर लागलं, त्यातलं अडीच नुसत्या बाह्यांत. आई बघून म्हणाली, अगं हा तर आज्जीचा पोलका, फक्त वारा भरलेला.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतो त्या गोल कापाबद्दल, सांगायचंच आहे. तो लहान आणि अगदी काखेत वर येतो, मला वाटलं चुकलाय, मी शहाणपणा करून २ सेंमी कोरला. झालं, हात वर केला की अख्खा ब्लाऊज स्कर्टमधून बाहेर. पॅटर्न बरोबर होता, मी चूक. खांद्याची शिवण मागे पाठीवर उतरते तीही तशीच असते, सरळ करायला जाऊ नका. आणि मापं कॉर्सेट (तेव्हाचा कमर आवळणारा आतला कपडा) घालून, अर्धा तास तसंच हिंडून मग घ्या, मी साध्या ब्रावर घेतली होती त्यामुळे छातीच्या चुण्या भलत्याच ठिकाणी आल्या.

कमरेची नाडी ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. मागे कमरेवर शिवलेली, पुढे आणून बांधायची की चुण्या हलत नाहीत. समोरचे हुक एक इकडे तोंड एक तिकडे असे आलटून पालटून लावलेत, एकदाही सुटले नाहीत. ५ सेंमीची उभी कॉलर जूनमध्ये जीव घेते पण ते काय, तशीच असायची.

घ्यावा का? पहिल्यांदाच शिवणार असाल तर नको. मुंढा आणि बाही लावायची सवय असेल तर घ्या, कटिंग खरंच अस्सल आहे.

पहिल्याच्या बाह्या आता उसवल्यात, मुंढ्यात ठिगळ लावून १८९८ सारखा छोटा फुगा कापतेय. तेव्हाच्या बायकांनीही जुन्या बाह्यांचं हेच केलं, एवढं कापड टाकणार कोण.