विक्रीच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली गळ्यात पडलेले कर्ज

सांगली, मिरज आणि तासगाव या पट्ट्यात एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीसाठी मी बरीच वर्षे विक्रीचे काम करतो. एरिया मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखती देऊ लागलो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी मूळ गोष्टींवरच प्रश्न आले: वितरकाची गुंतवणूक किती आणि त्यावर त्याला परतावा किती सुटतो, बीटवरील, म्हणजे ठरलेल्या फेरीच्या मार्गावरील, एकूण दुकानांपैकी ऑर्डर देणारी किती, एका बिलात सरासरी किती प्रकारचा माल जातो. महिनाअखेरीस टार्गेट गाठण्यासाठी वितरकाच्या गोदामात माल उतरवण्याच्या धावपळीत या गोष्टी मागे पडतात, हे विक्रीत काम करणारा कोणीही मान्य करेल. म्हणून पाया पुन्हा पक्का करायचे मी ठरवले आणि तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो. मात्र अशी इच्छा असलेल्या नोकरदारांना हेरून त्यांच्या नावावर कर्ज काढणारी एक पद्धतशीर यंत्रणा चालते, आणि तिच्याविषयी इतरांना वेळीच कळावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात विक्रीचे प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या रविवारच्या विनामूल्य ऑनलाइन व्याख्यानाने झाली. त्यानंतर संस्थेच्या 'करिअर सल्लागारा'चा फोन आला. सध्याचा पगार किती, घरात कमावते किती जण, पाच वर्षांनी कोणत्या पदावर असायला हवे, असे प्रश्न त्याने अतिशय आपुलकीने विचारले आणि माझीच उत्तरे थोड्या वेळाने माझ्यापुढे कारणे म्हणून मांडली. मग शिष्यवृत्तीची सवलत आज रात्रीपर्यंतच असल्याचे सांगितले आणि मी होकार देण्याआधीच "सर, आधार आणि पॅन कार्ड जवळ आहे ना?" असे विचारून पुढचे काम सुरू केले. अनुभवी वरिष्ठांचे वैयक्तिक मार्गदर्शन आणि एरिया मॅनेजर पदासाठी मुलाखतींची हमी अशी दोन आश्वासने होती, आणि 72,000 रुपयांचे शुल्क 6,000 रुपयांच्या 12 बिनव्याजी हप्त्यांत भरायचे होते.

खरी फसवणूक या 'हप्त्यां'मध्ये होती. सल्लागार ज्याला 'हप्त्यांचा फॉर्म' म्हणत होता, तो एका फायनान्स कंपनीचा कर्जाचा अर्ज होता. सेल्फी, ओटीपी आणि बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी, हे सगळे फोन चालू असतानाच, "पुढे ओके करा सर" असे सांगत पूर्ण करून घेण्यात आले. अशा व्यवहारात फायनान्स कंपनी शुल्काची रक्कम एकदम संस्थेच्या खात्यात जमा करते आणि विद्यार्थी त्या कंपनीचा कर्जदार होतो. शिकवणी बंद पडली तरी कर्जाचा करार वेगळा असल्यामुळे हप्ते चालूच राहतात, आणि हप्ता चुकला की त्याची नोंद सिबिलच्या अहवालात होते. संस्थेला मात्र सगळे पैसे आधीच मिळालेले असल्यामुळे नीट शिकवण्याची गरजच उरत नाही.

प्रत्यक्षात मिळाली ती जुनी रेकॉर्डिंग आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. वितरकाचा परतावा, बीटची आखणी, उधारीची वसुली यांचा त्यात उल्लेखही नव्हता. होती ती आत्मविश्वासावरची भाषणे. शुल्क परत मागितल्यावर सांगण्यात आले की पहिले रेकॉर्डिंग उघडताच परताव्याची मुदत संपते. हमी दिलेली मुलाखत शेवटी झाली, तेव्हा देऊ केलेली नोकरी हाच अभ्यासक्रम कमिशनवर इतरांना फोनवरून विकण्याची होती. मी ती नाकारली, कारण त्या खुर्चीवर बसून मला माझ्यासारख्याच कोणाला तरी कर्जात ढकलावे लागले असते.

त्या सल्लागाराने वापरलेली तंत्रे विक्रीच्या पहिल्या धड्यांतलीच आहेत: गरज विचारून घेणे, ती ग्राहकाच्या तोंडून वदवणे, निर्णयाला मुदत लावणे. फरक असा की आम्हाला पुढच्या आठवड्यात त्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे असते. जो माल खपणार नाही तो एकदा गळ्यात मारला, तर दुकानदार पुढच्या फेरीला ऑर्डर देत नाही आणि मागचे पैसेही अडवून धरतो. ज्याला त्याच माणसाकडे पुन्हा जायचेच नाही, त्याला हा धाक नसतो. विक्रीतला खरा पाया मला विचाराल तर तो या धाकात आणि त्यातून येणाऱ्या सचोटीत आहे, आणि तो शिकवण्याचा दावा करणाऱ्यांकडे नेमका तोच नव्हता.

कोणी असा व्यवहार करणार असेल, तर पैसे कोण देणार आणि करार कोणाशी होणार, हे आधी लेखी मागावे. मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत; त्यांनुसार कर्ज देणाऱ्याने व्याजदर, इतर शुल्क आणि अटी दाखवणारे मुख्य माहितीपत्रक देणे आणि दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडण्यासाठी काही मुदत ठेवणे बंधनकारक आहे. ती मुदत त्याच पत्रकात लिहिलेली असते, म्हणून ते पहिल्याच दिवशी उघडून वाचावे. नोकरीच्या हमीची जाहिरात पाहून भुलणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा खोट्या हमींना मनाई केली आहे.

ज्यांचे कर्ज आधीच निघाले आहे, त्यांनी रागाच्या भरात बँकेतून हप्ता थांबवू नये. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. संस्थेविरुद्ध 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, संस्था मुंबईत असो की बंगळूरूमध्ये. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही. मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सल्लागाराचे संदेश, कर्जाचा करार आणि बँकेचे विवरण मी तारखेनुसार लावून ठेवले आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप अचानक बंद केले जातात, म्हणून त्यातील मजकूर आधीच उतरवून ठेवावा. माझी तक्रार अजून प्रलंबित आहे आणि हप्ते चालू आहेत.